नोकरी चांगली की वाईट : जाहिरातीवरून कळेल का?

आयटीआयच्या किंवा बारावीच्या वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षकांना एक प्रश्न दरवर्षी ऐकावा लागतो : "सर, चाकणला भरती निघाली आहे, जाऊ का?" पूर्वी मुलाच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण असे, आता मोबाइल फोनवर आलेली जाहिरात असते. दोन्हींत चार-सहा ओळींपलीकडे मजकूर नसतो. त्यावरून ही नोकरी चांगली की वाईट, हे सांगायचे कसे?

ताप मोजायला तापमापी आहे, हवेचा दाब मोजायला दाबमापी आहे. नोकरीची प्रत मोजण्याचे असे एखादे साधन आहे काय? गेल्या काही वर्षांत अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ संगणकाच्या जाळ्यावरच्या लाखो जाहिराती गोळा करून हे मोजमाप करू पाहत आहेत. हे साधन नवे दिसत असले तरी त्यामागचा प्रश्न जुना आहे. त्याचा इतिहास पाहायला फार लांब जायला नको. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा त्यासाठी पुरेसा आहे.

जाहिरातीच्या आधी

मुंबईच्या कापड गिरण्यांत एकेकाळी कामगार भरतीची जाहिरात नसे. खात्याचा जॉबर किंवा मुकादम माणसे आणी, कामावर ठेवी आणि काढूनही टाकी. कोणती जागा रिकामी आहे ही माहिती त्याच्या मुठीत असे आणि त्या माहितीची किंमत कामगाराला लाचेच्या रूपाने मोजावी लागे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही श्रम आयोगाच्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका आहे. रिकाम्या जागेची माहिती सर्वांसमोर मांडणे हीच मुळात एक सुधारणा होती, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

पुण्यात याच सुमारास वेगळ्या प्रकारचे काम सुरू झाले. गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० साली झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. नमुन्यादाखल निवडलेल्या घरांत जाऊन कोण काय काम करतो, किती मिळवतो, हे विचारले गेले. या पाहणीचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे फेरपाहणीही झाली. १९५० नंतरच्या दशकात रिचर्ड लॅम्बर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पुण्यातील पाच कारखान्यांतील कामगारांचा अभ्यास केला. तो १९६३ साली पुस्तकरूपाने आला. या सर्व अभ्यासांची पद्धत एकच होती : काम करणाऱ्याला विचारायचे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

मग पुण्याच्या उत्तरेला चित्र बदलू लागले. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड परिसरात औद्योगिक वसाहत आकाराला आली. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, बजाज ऑटो आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य लहान वर्कशॉपे आली. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ च्या सुमारास सुरू झाला, तर फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन २००९ साली झाले. पन्नासएक वर्षांत शेतीची गावे मोटारींची गावे झाली.

एक सरकारी नमुना आणि त्याचे रकाने

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा सैन्यातून परतणाऱ्या लोकांना नागरी कामावर लावण्याचा प्रश्न होता. जुलै १९४५ मध्ये त्यासाठी केंद्र सरकारने पुनर्वसन व रोजगार संचालनालय स्थापन केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आपल्याला 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' म्हणून परिचित असलेल्या सेवायोजन कार्यालयांची घडण येथून झाली.

१९५९ साली संसदेने एक कायदा केला. सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापनांनी आणि पंचवीस किंवा अधिक लोक कामावर असलेल्या खाजगी आस्थापनांनी आपल्या रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवल्या पाहिजेत, असे त्यात म्हटले होते. १ मे १९६० पासून तो अमलात आला. कळवण्याचे बंधन होते, त्या कार्यालयातूनच माणूस घेण्याचे बंधन नव्हते. तीन महिन्यांहून कमी मुदतीच्या कामांना तो लागू नव्हता. म्हणजे सर्वांत अस्थिर नोकऱ्या पहिल्यापासूनच मोजणीबाहेर राहिल्या.

असे असले तरी या कायद्याखालचा छापील नमुना पाहण्यासारखा आहे. कामाचे स्वरूप काय, आवश्यक पात्रता कोणती, वयोमर्यादा काय, स्त्रिया पात्र आहेत का, जागा कायम किती आणि तात्पुरत्या किती, पगार व भत्ते किती, कामाचे ठिकाण कोणते, असे रकाने त्यात होते. नोकरीची प्रत ठरवणारे बरेचसे घटक या एका कागदावर आले होते. आजच्या जाहिरातींमध्ये यांतले किती रकाने भरलेले असतात, हे आपण पुढे पाहणार आहोत.

एका ओळीची जाहिरात

जाहिरातीतील शब्द किती बोलके असू शकतात याचे प्रसिद्ध उदाहरण याच पट्ट्यातले आहे. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुधा कुलकर्णी ही विद्यार्थिनी पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिथल्या सूचनाफलकावर टेल्कोची तरुण अभियंत्यांसाठी जाहिरात लागली होती. खाली एक लहानशी ओळ होती : स्त्रियांनी अर्ज करू नयेत. तिने जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून आपला निषेध कळवला. काही दिवसांतच पुण्यात मुलाखतीसाठी या, अशी तार आली. पिंपरीच्या कार्यालयात मुलाखत झाली आणि तिची निवड झाली. याच पुढे लेखिका म्हणून प्रसिद्ध झालेल्या सुधा मूर्ती. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहिली आहे.

पुढे १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरती करताना स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली. या कायद्यातील तरतुदी २०१९ च्या वेतन संहितेत घेतल्या गेल्या. अलीकडच्या वर्षांत त्याच कंपनीच्या पुण्यातील कारखान्यात मोटारी जुळवण्याची एक संपूर्ण ओळ स्त्रियांकडे आहे.

आता शास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट पाहू. १९७४ च्या त्या जाहिरातीत भेदभाव उघड लिहिलेला होता, म्हणून तो वाचता आला. मोजताही आला असता. कायद्यानंतर ती ओळ छापणे बंद झाले. पण ओळ गेली म्हणजे भेदभाव गेला का? नुसत्या जाहिराती वाचून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो. असा प्रयोग सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी केला. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखीच ठेवली, नावे तेवढी बदलली. काही नावे उच्चवर्णीय हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. मुलाखतीचे बोलावणे येण्याची संधी दलित नावाला उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश आढळली. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. जाहिरातीत जातीचा शब्दही नव्हता.

जाहिराती मोजण्याची युक्ती

जाहिराती वाचण्याऐवजी मोजण्याची कल्पना अमेरिकेत रुजली. तेथील कॉन्फरन्स बोर्ड या संस्थेने १९५१ पासूनचा एक निर्देशांक ठेवला. ५१ वर्तमानपत्रांत 'पाहिजेत' सदराखाली किती जाहिराती आल्या, याची दरमहा मोजणी होत असे. जाहिराती वाढल्या की उद्योग तेजीत, घटल्या की मंदी जवळ, असा अंदाज बांधला जाई. ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांनी बेरोजगारी आणि रिकाम्या जागा यांचा संबंध अभ्यासला होता. बेरोजगारी एका अक्षावर आणि रिकाम्या जागा दुसऱ्या अक्षावर मांडून येणाऱ्या वक्राला आज त्यांचेच नाव आहे.

आपल्याकडे १९९७ साली 'नोकरी डॉट कॉम' सुरू झाले. २००८ पासून त्यावरील भरतीचा मासिक निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. केंद्र सरकारने २०१५ साली राष्ट्रीय करिअर सेवा सुरू करून सेवायोजन कार्यालयांचे काम संगणकावर आणले. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२० च्या साथीच्या काळात ऑनलाइन जाहिरातींची आकडेवारी नियमित द्यायला सुरुवात केली, कारण घरोघरी जाऊन पाहणी करणे तेव्हा कठीण झाले होते.

ही मोजणी संगणक कशी करतो? प्रथम जाहिराती गोळा होतात. मग पुनरावृत्ती काढली जाते, कारण एकाच कारखान्याच्या त्याच जागेसाठी तीन कंत्राटदार तीन जाहिराती देतात. नंतर प्रत्येक जाहिरातीला राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातील संकेतांक दिला जातो. या वर्गीकरणाच्या २००४ च्या आवृत्तीत २,९४५ व्यवसाय होते, २०१५ च्या आवृत्तीत सुमारे ३,६००. येथे पहिली अडचण येते. जाहिरातीत 'ऑपरेटर' एवढाच शब्द असतो. सीएनसी यंत्र लावून देणारा कुशल कारागीरही ऑपरेटर आणि दिवसभर यंत्रात नग भरून बटण दाबणाराही ऑपरेटर. शेवटी पगार, कामाचे तास, करार, रजा, भविष्य निर्वाह निधी असे शब्द मजकुरातून शोधले जातात.

प्रत म्हणजे नेमके काय?

जे मोजायचे त्याची व्याख्या आधी हवी. भारतात हे काम फार पूर्वी सुरू झाले. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी मोजपट्टी ठरवली : एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकके, प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, किमान घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पगाराचा आकडा जगण्याच्या गरजांशी जोडण्याचा हा प्रयत्न होता.

पण पगार म्हणजे सर्व काही नव्हे. १९९९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 'सन्मानाचे काम' ही कल्पना मांडली. पुढे विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेने प्रतीचे तीन भाग केले : कमाई, नोकरीची शाश्वती आणि कामाच्या जागेची स्थिती. आपल्या देशाच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात नियमित पगारदारांना तीन साधे प्रश्न विचारले जातात. लेखी करार आहे का? पगारी रजा आहे का? सामाजिक सुरक्षेचा एखादा लाभ आहे का? २०१७-१८ च्या सर्वेक्षणात, शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांपैकी ७१.१ टक्के लोकांकडे लेखी करार नव्हता, ५४.२ टक्के लोकांना पगारी रजा नव्हती आणि ४९.६ टक्के लोकांना सामाजिक सुरक्षेचा कोणताही लाभ नव्हता. हे हंगामी मजूर नव्हेत, नियमित पगारदार आहेत, हे लक्षात ठेवावे.

पगाराचा मोठा आकडा कसा फसवतो ते एका हिशेबाने पाहू. समजा एका जाहिरातीत महिना २०,००० रुपये आहेत, पण पाळी १२ तासांची. दुसरीत १६,००० रुपये, पाळी ८ तासांची. दोन्हींत महिन्याला २६ दिवस काम. पहिलीत ३१२ तास होतात, म्हणजे तासाला सुमारे ६४ रुपये. दुसरीत २०८ तास, म्हणजे सुमारे ७७ रुपये. आणखी पुढे जाऊ. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने जादा कामाचा दर दुप्पट ठरवला. त्या हिशेबाने १२ तासांच्या पाळीचे वेतन १६ साध्या तासांइतके व्हायला हवे. २०,००० ला २६ ने आणि मग १६ ने भागले तर साधा दर तासाला ४८ रुपये येतो. म्हणजे ही नोकरी प्रत्यक्षात आठ तासांना महिना १०,००० रुपये देणारी आहे. जाहिरातीत तासांचा उल्लेखच नसेल तर संगणक पहिल्या नोकरीला वरचा क्रमांक देईल.

आकड्यांचा एक सापळा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. समजा दोन कारखाने आहेत, प्रत्येकात १०० माणसे. पहिल्यात माणूस सरासरी दहा वर्षे टिकतो. दुसऱ्यात सरासरी सहा महिने. पहिल्या कारखान्यात वर्षाला १० जागा रिकाम्या होतील, दुसऱ्यात २००. प्रत्येक जागेला एक जाहिरात धरली तर एकूण २१० जाहिरातींपैकी २०० दुसऱ्या कारखान्याच्या. नोकऱ्या निम्म्या-निम्म्या आहेत, पण जाहिरातींत दुसऱ्याचा वाटा ९५ टक्क्यांहून अधिक.

याचा अर्थ असा की जाहिराती 'असलेल्या' नोकऱ्यांचे चित्र दाखवत नाहीत, 'रिकाम्या होणाऱ्या' नोकऱ्यांचे दाखवतात. टाकीतले पाणी आणि नळाची धार यांत जो फरक, तोच येथे आहे. एखाद्या भागातून जाहिरातींचा पूर आला म्हणजे तेथे रोजगार वाढला, असे लगेच समजू नये. माणसे टिकत नसतील तरीही पूर येतो.

उलट बाजूनेही चित्र अपुरे राहते. चाकणच्या लहान वर्कशॉपात पुष्कळशी भरती फाटकावर, ओळखीने किंवा ठेकेदाराच्या फोनवरून होते. ती कोणत्याच संगणकात येत नाही. शिवाय 'शिकाऊ' या शब्दाखाली अनेक गोष्टी दडतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारागीर घडवण्याची सोय केली आणि टेल्कोच्या प्रशिक्षण विभागासारख्या ठिकाणी त्यातून उत्तम कारागीर घडले. २०१३ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने वेगळी एक योजना काढली. तिच्याखाली प्रशिक्षणार्थी तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत ठेवता येत असे आणि तो त्या काळात कामगार गणला जात नसे. जाहिरातीत दोघेही 'ट्रेनी'. एकाच्या अखेरीस हातात हुन्नर येते, दुसऱ्याच्या अखेरीस कदाचित दुसऱ्या कारखान्याचे फाटक.

न लिहिलेले वाचणे

मग हे साधन टाकाऊ आहे का? आम्हांला तसे वाटत नाही. घरोघरची पाहणी आकड्यांनी खात्रीची असते, पण संथ असते, आणि एका तालुक्याचे, एका व्यवसायाचे चित्र तिच्यातून सहसा मिळत नाही. जाहिराती रोज येतात, गावाच्या नावासह येतात आणि कोणते कौशल्य नव्याने मागितले जाते ते दाखवतात. दोन्ही साधने एकमेकांशेजारी ठेवली तर उपयोग होतो : कामगाराला विचारून मिळालेले उत्तर आणि मालकाने दिलेले वचन. एकावरून दुसरे तपासता येते.

जाहिरातीतील मौन हीसुद्धा माहितीच असते. मात्र तिचा अर्थ जपून लावावा. भविष्य निर्वाह निधीचा उल्लेख नाही म्हणजे तो मिळत नाही, असे सिद्ध होत नाही. मोठ्या कंपनीला तो लिहिण्याची गरजच वाटत नसेल. पण कंपनीचे नाव नाही, 'नामांकित कंपनी' एवढेच आहे, पगार 'नियमानुसार' आहे, तास नाहीत, मुदत नाही, असे रिकामे रकाने एकत्र आले तर विचारायला हवे. १९६० च्या सरकारी नमुन्यात यांतले बरेचसे रकाने होते. साठ-पासष्ट वर्षांनी जाहिराती कितीतरी पटींनी वाढल्या, पण रकाने कमी झाले. म्हणून आजच्या मोजमापाची खरी मर्यादा संगणकाची नाही. मालकाने जे लिहिलेच नाही ते कोणतेही यंत्र वाचू शकत नाही. पगार, तास आणि मुदत जाहिरातीत लिहिणे सक्तीचे झाले तर मोजमाप आपोआप सुधारेल, आणि त्याआधी अर्ज करणाऱ्या मुलांचा फायदा होईल.

वर्गात करून पाहा

नववीच्या पुढच्या कोणत्याही वर्गात हा उपक्रम दोन तासिकांत होतो. विद्यार्थ्यांना आपल्या परिसरातील नोकरीच्या पन्नास जाहिराती गोळा करायला सांगा. फोन क्रमांक खोडून टाका. फळ्यावर आठ रकाने आखा : कंपनीचे नाव, कामाचे स्वरूप, पगार, तास, कायम की तात्पुरती, रजा, निधी किंवा विमा, स्त्री-पुरुष अट. प्रत्येक जाहिरातीत जो रकाना भरलेला असेल तेथे १ आणि रिकामा असेल तेथे ० लिहा. रकान्यांची टक्केवारी काढा. मग त्याच परिसरात काम करणाऱ्या दहा माणसांना, मुलांच्या घरच्या किंवा शेजारच्या, हेच आठ प्रश्न विचारा. दोन्ही तक्ते शेजारी मांडा आणि कोणत्या रकान्यात सर्वांत जास्त अंतर पडते ते पाहा.

नमुना लहान आहे, तेव्हा त्यावरून साऱ्या चाकणबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही. हेही मुलांनाच शोधू द्यावे. परंतु मुलाखतीच्या वेळी कोणते प्रश्न विचारायचे, याची यादी मात्र त्यांच्याजवळ तयार झालेली असेल.